जुना डीव्हीडी प्लेअर विकायचाय? आधी ट्रे उघडून बघा

घरातला डीव्हीडी प्लेअर विकायला काढते म्हटल्यावर सासूबाई मनापासून हसल्या. "अगं, हल्ली भंगारवालासुद्धा नाक मुरडतो त्याला!" पंधरा दिवसांनी तो ६५० रुपयांना गेला. मग जाऊबाईंनी त्यांचा माझ्या गळ्यात मारला, तो ४०० ला गेला. तिसरा मामांचा. दिसायला तिघांत देखणा, आणि चालतही होता, पण रिमोट हरवलेला. तो दीडशेलाही कोणी घेईना. माझं या धंद्यातलं शिक्षण एवढंच, पण त्यातून एक गोष्ट पक्की कळली. गिऱ्हाईक पैसे देतं ते डब्याचे नव्हे, डबा आपल्या डोळ्यांदेखत चालला याचे. म्हणून खाली जे काही सांगितलंय, त्यातलं निम्मं विकण्यापेक्षा तपासण्याबद्दल आहे.

घेणार कोण?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण जाहिरातीत काय लिहायचं ते त्यावरून ठरतं.

२००० ते २०१२ च्या दरम्यान ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या कपाटात फोटोग्राफरने दिलेली व्हीसीडी किंवा डीव्हीडी हमखास असते. शिवाय मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने बाजारात उतरून २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा भाजी आणायला गेलेली माणसं पिशवीत एखादा सिनेमा टाकून घरी यायची. त्या डिस्क अजून घरोघरी आहेत, त्या लावायचं यंत्र मात्र बंद पडलंय. नव्या लॅपटॉपला डिस्कचा खण नसतो. त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कीर्तन-प्रवचनाच्या व्हीसीडी जपून ठेवलेले आजी-आजोबा, किंवा त्यांच्यासाठी शोधणारा मुलगा. माझा प्लेअर अशाच एका मुलाने नेला.

दुसरं गिऱ्हाईक बालवाडी, नृत्याचे आणि योगाचे क्लास. तिसरं जरा वेगळं, गाणी ऐकण्याचे शौकीन. प्लेअरच्या मागे 'कोअॅक्शियल' लिहिलेली एकच नारिंगी किंवा काळी पिन (डिजिटल आवाज बाहेर काढणारी) असेल तर ही मंडळी तो ऑडिओ सीडी लावायला घेतात आणि त्या पिनेतून वायर काढून डिजिटल आवाज घेणाऱ्या आपल्या अॅम्प्लिफायरला जोडतात. त्यांना चित्राशी देणंघेणं नसतं. चौथा गिऱ्हाईक दुरुस्तीवाला. तो लेन्स किंवा सप्लायच्या (वीजपुरवठ्याच्या) सर्किट प्लेटसाठी घेतो आणि त्याच हिशेबाने पैसे देतो.

आधी स्वतःच्या डिस्कचं बघा

ही पायरी लोक सोडतात आणि नंतर हळहळतात. प्लेअर विकलात की घरातल्या लग्न-मुंजी-बारशाच्या डिस्क वाचायचं शेवटचं साधन गेलं. तेव्हा आधी त्यांची कॉपी करून घ्या. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर मिळतो, सोसायटीत कोणाकडे तरी पडलेलाही असतो. मागून घ्या.

डिस्क कॉम्प्युटरवर उघडली की डीव्हीडीमध्ये 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर दिसेल. त्यातल्या 'व्हीओबी' फायलींत खरं चित्रीकरण असतं. एक फाईल जास्तीत जास्त १ जीबीची, म्हणून दोन तासांचं लग्न चार-पाच तुकड्यांत दिसतं. घाबरू नका, अख्खा फोल्डरच उचलून हार्डडिस्कवर टाका. व्हीसीडीमध्ये 'एमपीईजीएव्ही' फोल्डरात 'डीएटी' फाईल असते. दोन्ही प्रकार व्हीएलसी प्लेअरवर चालतात, आणि एकसंध एमपीफोर फाईल हवी असेल तर हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर आहे. हे सगळं घरच्या चित्रीकरणापुरतं बोलतेय. विकत घेतलेल्या सिनेमांच्या कॉपीचा मामला कॉपीराइटचा आहे, तिकडे जाऊ नका.

एखादी डिस्क मध्येच अडकली तर ती लगेच बाद करू नका. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह जिथे अडतो तिथे घरचा प्लेअर कधीकधी पुढे जातो, आणि उलटंही होतं. मऊ सुती कपड्याने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. डिस्कवरची माहिती वर्तुळातच लिहिलेली असते, त्यामुळे गोल ओरखडा एकाच जागची बरीच माहिती खाऊन टाकतो.

तपासणी, आणि इथे घाई नको

"लागतोय की!" एवढ्यावर जाहिरात टाकू नका. लाल दिवा लागणं आणि सिनेमा शेवटपर्यंत दिसणं यात फार अंतर आहे.

चार डिस्क जवळ ठेवा: दुकानातून घेतलेली ओरिजिनल डीव्हीडी, घरी किंवा फोटोग्राफरने राइट केलेली डीव्हीडी, एक व्हीसीडी आणि एक गाण्यांची सीडी. चारही का? सीडी आणि व्हीसीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेसर लागतो. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. प्लेअरमध्ये हे दोन्ही असतात आणि दोन्ही एकदमच म्हातारे होतील असं नाही. म्हणून "गाणी वाजतात पण पिक्चर लागत नाही" किंवा बरोबर त्याच्या उलट तक्रार ऐकू येते. जाऊबाईंच्या प्लेअरचं हेच होतं. व्हीसीडी झकास, डीव्हीडी टाकली की 'लोडिंग... लोडिंग' आणि मग 'नो डिस्क'. आम्ही तसं सरळ लिहिलं आणि ज्या आजोबांकडे नुसत्या भजनाच्या व्हीसीडी होत्या, त्यांनी तो आनंदाने नेला. दोष सांगितल्याने गिऱ्हाईक पळत नाही, योग्य गिऱ्हाईक येतं.

राइट केलेल्या डिस्कवर विशेष लक्ष द्या. तिचा पृष्ठभाग ओरिजिनलपेक्षा कमी प्रकाश परत फेकतो, त्यामुळे लेन्स थकली असेल तर ती आधी इथे अडखळते. आणि घेणाऱ्याची लग्नाची डिस्क अशी राइट केलेलीच असणार.

आता प्रत्येक डिस्कवर काय बघायचं? डिस्क आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते. सुरुवात मधल्या भोकाजवळ, शेवट कडेला. म्हणून पहिली पाच मिनिटं बघून समाधान मानू नका, रिमोटवरून थेट शेवटच्या चॅप्टरवर उडी मारा. तिथे चित्राचे चौकोन चौकोन होत असतील किंवा आवाज तुटत असेल तर गडबड आहे. मग सिनेमाच्या मध्यावर या. मोठे सिनेमे दोन थरांच्या डिस्कवर असतात. एका थराची डिस्क ४.७ जीबीची, दोन थरांची ८.५ जीबीची. पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाताना चित्र क्षणभर थिजतं. एवढं चालतं, तो दोष नव्हे, गिऱ्हाईक बिचकलं तर तसं सांगा. पण तिथे थिजलेलं चित्र हललंच नाही, तर दोष.

शेवटी एक पूर्ण सिनेमा लावून ठेवा आणि स्वयंपाकाला लागा. जुन्या यंत्रांचे आजार गरम झाल्यावर बाहेर पडतात. तासाभराने आपोआप बंद पडत असेल, किंवा चालू करताना दिवा लुकलुकत राहत असेल, तर बहुतेक सप्लायमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, फुगलेत. टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा कोणीही ते बदलून देतो. त्याला शंभर-दोनशेपेक्षा जास्त लागणार असतील तर मात्र करू नका, ते पैसे परत मिळायचे नाहीत.

ट्रे उघडताना घरघरतोय पण बाहेर येत नाही? आतला रबरी पट्टा सैल झालाय. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असला पट्टा किरकोळ पैशांत मिळतो.

लेन्स पुसायची असेल तर वरचं झाकण उघडावं लागतं. प्लग काढा, थोडा वेळ जाऊ द्या. सप्लायच्या बाजूच्या प्लेटला हात लावू नका, प्लग काढल्यावरही तिथल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट उरलेला असू शकतो. आणि झाकण उघडं ठेवून प्लेअर चालू करून आत डोकावणं तर अजिबात नको. मागे 'क्लास १ लेसर' असं लेबल असतं, त्याचा अर्थ झाकण बंद असताना तो निर्धोक. लेन्स म्हणजे मसुराच्या डाळीएवढा निळसर काचमणी, अगदी बारीक तारांवर तरंगत असतो. कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फुंकर मारल्यासारखं हलक्या हाताने पुसा. सेंट नाही, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस नाही, आणि जिभेवर ओलं केलेलं बोट तर नाहीच नाही. (मामा. आणखी कोण.)

कोकणातून किंवा पावसाळाभर बंद पडलेल्या घरातून आणलेला प्लेअर असेल तर उघडल्यावर आत झुरळांची अंडी, मुंग्यांचं वारूळ, क्वचित वाळलेली पाल असं काहीही निघू शकतं. मऊ ब्रशने झाडा, दोन दिवस कोरड्या जागी ठेवा, मगच प्लग लावा.

रिमोट, रिमोट, रिमोट

डीव्हीडी प्लेअरच्या अंगावर हल्ली दोन-तीनच बटणं असतात. मेनू, भाषा, सबटायटल, सेटिंग, सगळं रिमोटवर. रिमोट नसलेला प्लेअर म्हणजे किल्ली हरवलेलं कपाट.

चालतो का ते बघायची युक्ती: मोबाइलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो ठिपका दिसत नाही, मग सेल्फीचा कॅमेरा वापरा. एकेक करून सगळी बटणं दाबा. 'प्ले' आणि 'मेन्यू' ही सर्वांत जास्त झिजलेली असतात.

सेलच्या खणात पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल तर सेल फुटलेत. जुन्या टूथब्रशने खरवडा, मग तेच आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, स्प्रिंग चमकायला हवी. पन्नास बटणांचे चिनी बनावटीचे पर्यायी रिमोटही मिळतात, पण मॉडेल नंबर जुळवून घ्या आणि दुकानातच तपासा. मामांच्या प्लेअरसाठी मी दोन रिमोट आणले, दोन्ही नुसतेच शोभेचे निघाले. तिथेच मी तो नाद सोडला.

वायरी आणि पुसापुशी

पिवळी-पांढरी-लाल एव्ही वायर शोधा. सापडली नाही तर नवीन घ्या, ती स्वस्त असते आणि नसली तर सौदा अडतो. एचडीएमआय असलेला प्लेअर असेल तर तुमचं नशीब, नव्या टीव्हीला तो सरळ जोडता येतो. नसेल तर घेणाऱ्याला आधीच विचारा, "तुमच्या टीव्हीला तीन रंगांच्या पिनांची जागा आहे का?" बऱ्याच नव्या टीव्हींना ती नसते, किंवा तिच्याजागी एकच बारीक भोक असतं आणि त्याला वेगळी जोडवायर लागते. काहीच नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी मिळते. मात्र घेताना दिशा बघा. उलट काम करणारी, म्हणजे एचडीएमआयचं एव्ही करणारी डबी हुबेहूब तशीच दिसते.

बाहेरून ओलसर कपडा पुरे. झिजलेले स्टिकर, जुनी किंमत, दुकानाचं लेबल काढा. बाकी चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका.

किंमत

नवीन घेताना तुम्ही चार हजार दिले होते, हे विसरा. सासूबाईंना हे पटवायला मला दोन दिवस लागले. आज चालू स्थितीतला, रिमोट आणि वायरीसकट असलेला साधा प्लेअर मी पाचशे-सहाशेच्या आसपास धरते. सोनी, फिलिप्स, एलजीसारखं ओळखीचं नाव आणि एचडीएमआय असेल तर आठशे-नऊशे मागते. नाव न ऐकलेला, भल्यामोठ्या '५.१' अक्षरांचा असेल तर तीनशे. हा माझा पुण्यातला अंदाज आहे. तुमच्या गावात ओएलएक्सवर काय चाललंय ते आधी बघा. पण तिथे लोक जी किंमत मागतात ती बघून भुलू नका. महिनोन् महिने पडून राहिलेल्या जाहिराती असतात त्या.

हव्या असलेल्या रकमेवर शंभर-दीडशे चढवून लिहा. घासाघीस होणारच, आणि शंभर रुपये कमी करून घेतल्याचं समाधान हेही गिऱ्हाईकाला द्यायचं असतं. दिवाळीच्या आवराआवरीत विकायला काढू नका, तेव्हा सगळ्यांनीच माळे उपसलेले असतात.

सोबत पाच-दहा डिस्क देऊन सौदा गोड करता येतो. फक्त ओरिजिनल द्या. 'एका डीव्हीडीत सहा पिक्चर' प्रकारातल्या पायरेटेड डिस्क विकणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे. जुन्या असल्या तरी.

फोटो आणि जाहिरात

फोटो दिवसा, खिडकीजवळ, पलंगावरच्या फुलाफुलांच्या चादरीवर न ठेवता काढा. समोरून, मागून (सगळ्या पिना दिसतील असा), रिमोट आणि वायरींसह, आणि चौथा टीव्हीवर सिनेमा चालू असताना, ज्यात टीव्ही आणि प्लेअर दोन्ही एकाच चौकटीत येतात. तो चौथा फोटो सगळं काम करतो. जमलं तर पाऊण मिनिटाचा व्हिडिओ घ्या: ट्रे उघडला, डिस्क ठेवली, ट्रे आत गेला, चित्र आलं. मध्ये कुठेही न कापता. मागच्या लेबलचा फोटो टाकताना सीरियल नंबरवर बोट ठेवा.

मागच्या बाजूला पृथ्वीच्या गोल चिन्हात एक आकडा असतो, तो रीजन. भारताचा ५. अमेरिकेचा १, युरोप आणि जपानचा २. पुतण्याने अमेरिकेहून आणलेली डीव्हीडी इथल्या प्लेअरवर 'राँग रीजन' म्हणते ती यामुळे. काही प्लेअर सगळ्या रीजनच्या डिस्क घेतात. तुमचा तसा असेल तर ते जाहिरातीत ठळक लिहा, परदेशी राहून परतलेली माणसं नेमकं तेच शोधतात.

यूएसबीची जागा असेल तर "पेनड्राइव्ह चालतो का?" हा प्रश्न येणारच. आधीच तपासून ठेवा. जुने प्लेअर बहुतेक फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह ओळखतात. आजचे ६४ जीबीचे पेनड्राइव्ह सहसा वेगळ्या पद्धतीचे येतात, ते लावले की प्लेअर ढिम्म. आणि मोबाइलवर काढलेले व्हिडिओ त्याला सहसा झेपत नाहीत. "गाणी आणि जुन्या पद्धतीच्या फायली चालतात, मोबाइलचे व्हिडिओ नाहीत" असं स्पष्ट लिहा.

माझी जाहिरात अशी होती, हवी तर उचला:

"डीव्हीडी प्लेअर, चालू स्थितीत. डीव्हीडी, व्हीसीडी, ऑडिओ सीडी तिन्ही लावून तपासलेत, पूर्ण सिनेमा चालवून बघितलाय. ओरिजिनल रिमोट, एव्ही वायर सोबत. एचडीएमआय नाही, टीव्हीला तीन रंगी पिनांची जागा हवी. वरच्या बाजूला ओरखडे (फोटो ३ बघा). घरी येऊन स्वतःची डिस्क लावून बघा. ७५० रुपये, थोडंफार कमी होईल. सिंहगड रोड, पुणे. कुरिअर करणार नाही."

'स्वतःची डिस्क लावून बघा' या वाक्याने सौदा झाला, असं घेणाऱ्या मुलाने नंतर सांगितलं.

कुरिअर का नको? प्लेअरचं वजन जेमतेम दोन किलो, पण कुरिअरवाले आकारमान मोजतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. थर्मोकोल लावून ५० बाय ३२ बाय १६ चं खोकं झालं की हिशेब पाच किलोंचा. सहाशेच्या वस्तूला ते परवडत नाही.

टाकायची कुठे? पहिल्यांदा सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. आजी-आजोबांसाठी शोधणारी माणसं तिथेच असतात, आणि ओळखीत फसवणूक कमी. चार दिवसांत काही झालं नाही तर ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस.

फोन येऊ लागले की

पहिले दहा मेसेज "अव्हेलेबल आहे का?" आणि "लास्ट प्राइस?" एवढेच असतात. मी "आहे, कधी बघायला येताय?" असं उत्तर देते. खरा गिऱ्हाईक वेळ सांगतो, बाकीचे गळून पडतात.

मग तो फोन येतो. मला आला होता. अत्यंत अदबीने बोलणारा माणूस, सैन्यात आहे म्हणाला, बदली झालीये, प्लेअर युनिटसाठी हवाय, बघायला येता येणार नाही, पैसे आत्ता पाठवतो. ७५० ला लगेच हो. एक रुपया कमी कर म्हणाला नाही! पुण्यात भाव न करणारं गिऱ्हाईक भेटलं तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजली. दोन मिनिटांत व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड आला. "मॅडम, हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील."

हे एक वाक्य कागदावर लिहून फोनच्या मागे चिकटवा: पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. "आधी एक रुपया पाठवून दाखवतो", "चुकून जास्त गेले, वरचे परत करा", पैसे आल्याचा बनावट एसएमएस किंवा स्क्रीनशॉट, ही सगळी त्याच भाजीची फोडणी. पैसे आले की नाही ते फक्त स्वतःच्या बँकेच्या किंवा यूपीआयच्या अॅपमध्ये उघडून बघा. गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

दाखवताना आणि देताना

टीव्हीशिवाय प्लेअर दाखवता येत नाही, त्यामुळे अनोळखी माणूस घरात येणार. घरात दुसरं कोणी असेल अशी वेळ द्या. मी टीव्ही आणि प्लेअर आधीच जोडून ठेवते, हॉलमध्ये, दाराजवळ. गिऱ्हाईकाने आपली डिस्क आणली असेल तर ती त्याच्याच हाताने लावू द्या. शेवटच्या चॅप्टरवर उडी तुम्हीच मारून दाखवा, त्याला सुचायच्या आधी.

पैसे हातात किंवा अॅपमध्ये आले की वस्तू द्या. मी दोन दिवसांची तोंडी हमी देते: बिघडला तर पैसे परत. परत द्यायची वेळ अजून आली नाही.

आणि पॅक करण्याआधी ट्रे उघडून बघा. यूएसबीच्या जागेत पेनड्राइव्ह राहिलाय का तेही. जाऊबाईंचा प्लेअर आजोबा घेऊन गेले त्या रात्री त्यांचा फोन आला, "अहो, आत कुणाची तरी मुंज आहे." पुतण्याच्या मुंजीची व्हीसीडी तपासणीसाठी लावली होती, तशीच ट्रेमध्ये गेली. आजोबांनी ती पूर्ण बघितली होती. भिक्षावळ फार छान झाली म्हणाले.

विकलाच गेला नाही तर

मामांच्या प्लेअरचं काय केलं? आधी पुण्यातल्या जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत, रविवारी नेला. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे ऐंशी रुपये सांगितले, मामांना ते अपमानास्पद वाटलं आणि आम्ही प्लेअर घेऊन परत आलो. शेवटी ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने लेन्ससाठी शंभरला घेतला.

तेही जमलं नाही तर तो रोजच्या कचऱ्यात टाकू नका. आतल्या प्लेटांवर शिसं असू शकतं. भंगारवाल्याला किलोवर दिला तर तांब्यासाठी वायरी जाळल्या जाण्याची भीती. अधिकृत ई-कचरा संकलनाला द्या. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था असं जुनं सामान गोळा करते, इतर शहरांत महापालिकेकडे चौकशी करा.

विकला गेला असेल तर जाहिरात त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर महिनाभर "लास्ट प्राइस?" चालू राहतं. दुसऱ्या दिवशी "चालत नाहीये हो" असा फोन आला तर घाबरून पैसे परत करायच्या आधी एवढंच विचारा, "टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबलंत का?" टीव्ही सेटटॉप बॉक्सच्या एचडीएमआयवर असतो आणि प्लेअर एव्हीवर. माझ्या दोन्ही गिऱ्हाईकांचा फोन आला होता, दोघांनाही 'सोर्स' दाबायला सांगितलं, आणि दोन्ही वेळा पलीकडून आधी गाणं ऐकू आलं, मग "आलं, आलं!"